डावीकडच्या सीटचा निकाल

गॅरेज चालवणाऱ्याला किस्से गोळा करावे लागत नाहीत. झिजलेले बुश, वाकलेले बोल्ट जसे कोपऱ्यातल्या पिंपात आपोआप साठतात, तसेच तेही साठतात. फरक एवढाच, की पिंप भंगारवाला रिकामं करून नेतो. किस्से न्यायला कोणी येत नाही, म्हणून ते मित्रांना ऐकावे लागतात. आज तुमची पाळी.

कात्रजला माझं आणि दत्ताचं गॅरेज आहे. आमच्याकडे मुख्यतः लिफ्ट केलेल्या पिकअप गाड्या येतात. लिफ्ट म्हणजे सस्पेन्शन बदलून गाडी मूळ उंचीपेक्षा वर उचलायची. दिसते झकास! पण पुढच्या चाकांना वरून धरून ठेवणारा जो लोखंडी हात असतो, कंट्रोल आर्म, तो कंपनीने मूळ उंचीचा हिशेब धरून बनवलेला असतो. गाडी वर गेली आणि आर्म जुनाच राहिला, की चाक तिरकं बसतं, टायर आतून झिजतो, स्टिअरिंग भटकतं. मग वेगळ्या कोनाचे नवे आर्म बसवायचे. आमचं पोट त्यावरच आहे.

दत्ता लोणी काळभोरचा. हात शांत, तोंड फटकळ. आमच्या गॅरेजचा जो एकमेव नियम आहे, तो त्याच्या बायकोमुळे आला.

* * *

दत्ताने पहिल्यांदा नवे आर्म बसवले ते स्वतःच्याच पिकअपला. ट्रायल मारून आला आणि दिसेल त्याला सांगत सुटला, "लोण्यागत चालतीया गाडी!" दुसऱ्या दिवशी सुनीतावहिनींना माहेरी घेऊन गेला.

संध्याकाळी वहिनी गॅरेजवर आल्या त्या रिक्षातून. मागून दत्ता एकटाच पिकअप घेऊन आला.

मी विचारलं, "वहिनी, गाडी कशी वाटली?"

"गाडी चांगली हाय, भावजी," वहिनी म्हणाल्या. "फकस्त ती चालू असताना आत बसायचं न्हाई."

दत्ताने मुकाट्याने चाकांचं अलाइनमेंट पुन्हा केलं. तेव्हापासून काम झालं की नाही हे आमच्याकडे ड्रायव्हर ठरवत नाही. स्टिअरिंग हातात असलं की प्रत्येकाला आपली गाडी विमान वाटते. मालकाने जवळचं कोणीतरी आणायचं, त्याला डाव्या सीटवर बसवायचं, खडकवासल्यापर्यंत जाऊन यायचं. परत आल्यावर आम्ही फक्त डावीकडच्या माणसाला विचारतो. मालकाने मध्ये बोलायचं नाही.

* * *

या नियमात कौस्तुभ अडकला. आयटीतला मुलगा, पुण्यात एकटा, आईवडील नागपूरला. त्याने लालभडक आर्म मागवले होते आणि ते बाहेरून दिसत नाहीत म्हणून जरा हिरमुसला होता.

"डावीकडं कोण बसणार?" दत्ताने विचारलं.

"दादा, माझं इथे कोणी नाही. तुम्हीच बसा ना."

"म्या बसवलेलं काम म्याच पास करू व्हय? कुणीतरी घिऊन या."

दोन दिवस गाडी आमच्याकडेच उभी. तिसऱ्या दिवशी तो ऑफिसातल्या प्राजक्ताला घेऊन आला. बिचारीला नीट काही सांगितलेलं दिसत नव्हतं. सकाळी गेलेली गाडी चहाच्या वेळेला परत आली.

"काय मॅडम, खड्ड्यात झटके बसले का?" मी विचारलं.

प्राजक्ता विचारात पडली. "खड्डे होते का रस्त्यात?"

खडकवासल्याच्या रस्त्याला खड्डे होते का, असं विचारणारं माणूस आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. दत्ता माझ्या कानाशी आला. "ह्यो रिपोर्ट धरायचा न्हाई. पोरगी गाडीत नव्हतीच."

त्यांच्या लग्नाची पत्रिका अजून आमच्या भिंतीवर आहे.

* * *

मग आले जोगळेकर काका. शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेले, सदाशिव पेठेतले. गाडी उभी केली, खाली उतरले आणि टायरकडे बोट दाखवून म्हणाले, "नव्वद अंशाचा कोन अपेक्षित आहे. हा कोणता आहे, ते आपण सांगा."

काकांनी व्हिडिओ बघून बघून पिकअप लिफ्ट करून घेतली होती. आर्म मात्र जुनेच. दत्ता गाडीखाली जाऊन आला आणि म्हणाला, "हात आखूड पडल्यात."

"बसवा नवे. पण एक सांगतो," काका म्हणाले, "यानंतरही आमची मंडळी बसायला तयार झाली नाही, तर गाडी विकून टाकणार आहे."

मला वाटलं, रागाने बोलतायत. तसं नव्हतं. काकू ऑर्थोपेडिक वॉर्डात नर्स होत्या. जवळजवळ सगळी नोकरी नाइट ड्युटीत गेली. काका शाळा सुटून घरी येत, तेव्हा काकू डबा घेऊन निघायच्या.

"जिन्यात भेटायचो आम्ही," काका म्हणाले. "संसार म्हणजे जिन्यातल्या भेटी. म्हटलं आता दोघं फिरू, म्हणून ही गाडी घेतली. ती एकदा बसली आणि म्हणाली, पुन्हा नाही. एकट्याने कुठे जायचंय मला?"

आर्म ज्या लाकडी खोक्यातून आले, त्याच्या फळ्यांचं दत्ताने दुपारी एक स्टूल केलं, वर कार्पेटचा तुकडा ठोकला. काकूंना चढायला.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू आल्या त्या हातात उशी घेऊन. बारीक, ताठ, आणि बोलणं इंजेक्शनसारखं. स्टूलकडे बघून म्हणाल्या, "स्टूल ठेवून जिथे चढवतात, तिथून पेशंट क्वचितच खुशीत उतरतो." तरी चढल्या.

तासाभराने परत आल्या. काका नियमाप्रमाणे गप्प, पण चेहरा निकालाच्या दिवशीच्या विद्यार्थ्याचा.

"काकू, कसं वाटलं?"

"पूर्वीपेक्षा पुष्कळ बरं आहे." काका फुलले. "पण दारावरचा धरायचा दांडा काही मी सोडला नाही."

काका पुन्हा मिटले. मला वाईट वाटलं. गाडी खरंच सरळ चालत होती.

"नक्की काय खटकतंय?" मी विचारलं.

"गाडी अवघडलीय. पाय भलत्या स्थितीत ठेवून प्लास्टर घातलं, की पेशंट असाच बसतो. बोलत काही नाही, पण अंग चोरून."

दत्ताने कपाळाला हात लावला आणि सरळ गाडीखाली शिरला. आर्मच्या मुळाशी रबरी बुश असतात. त्यांचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी जमिनीवर, स्वतःच्या वजनाने उभी असताना. चाकं हवेत लोंबकळत असताना आवळले, तर गाडी खाली टेकल्यावर रबर पिळलेलंच राहतं. हे दत्ता सगळ्या कात्रजला शिकवतो. पण त्या सकाळी काकू घरून निघाल्याचं कळलं आणि काका हातात स्टूल घेऊन गेटवर जाऊन उभे राहिले. ते बघून दत्ताला घाई झाली, आणि त्याने सगळं वरच आवळून टाकलं.

"काकू, चूक माझी हाय," तो खालूनच म्हणाला. "सगळं सैल करून पुन्यांदा आवळतो. तुमी च्या घ्या."

काकूंनी चहा घेतला. तेवढ्यात त्या मला म्हणाल्या, "यांना वाटतं मी घाबरते. घाबरत नाही हो. पण इतकी वर्षं रात्रभर जागी राहिले, की आता डोळा लागतच नाही. अंथरुणातसुद्धा कान उघडे असतात. त्यात ही गाडी." मग हळूच म्हणाल्या, "विकू नका म्हणावं त्यांना. माझ्याच्याने ते सांगवत नाही."

* * *

दुपारी दोघं पुन्हा खडकवासल्याला गेली. तासात यायला हवी होती. आली नाहीत.

चहाची वेळ झाली. दत्ता दर पाच मिनिटांनी गेटपर्यंत जाऊन येत होता. "बोल्ट नीट आवळला हुता म्या," असं स्वतःशीच म्हणत होता. मी काकांना फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला. नाही.

शेवटी काकांचाच फोन आला. आवाज इतका बारीक, की मला वाटलं रेंज नाही.

"काका, कुठे आहात?"

"पानशेतच्या पुढे."

"पानशेत? आणि तिकडे कशाला गेलात? गाडी बंद पडली का?"

"नाही, नाही. रस्त्याच्या कडेला घेतलीय. इंजिन चालू ठेवलंय." मग थांबून म्हणाले, "जरा हळू बोलाल का?"

"काकू काय म्हणतायत?"

"काही म्हणत नाही. खडकवासल्याच्या अलीकडेच दांडा सुटला तिच्या हातातून. मान माझ्याकडे कलली. वळायची जागा आली, तिथे स्पीडब्रेकर होता. म्हणून मी सरळच गेलो."

दत्ता फोनला कान लावून सगळं ऐकत होता. त्याने फोन माझ्या हातातून घेतला, भिंतीकडे तोंड केलं आणि काकांपेक्षाही हळू आवाजात विचारलं,

"काका, डिझेल हाय न्हवं भरपूर?"