साजूक तुपातली काडतुसं

अमेरिकेत नेमबाज पैशाला पासरी मिळतील. पण गोळी लागली कुठे याची काडीचीही फिकीर नसलेला नेमबाज या अख्ख्या खंडात एकच झाला, आणि तो म्हणजे आमचे स्टेट कॉलेज नावाच्या गावचे काका. तसे ते माझे कुणीच नव्हेत. पण विद्यापीठात शिकायला येणाऱ्या प्रत्येक मराठी पोरापोरीला पहिल्या आठवड्यात काकूंकडे वरणभात मिळायचा आणि दुसऱ्या आठवड्यात काकांकडे काडतूस वळायला बसावं लागायचं. मी नागपूरहून आले तेव्हा माझ्या बॅगा पुरत्या उघडायच्या आत काकांनी माझ्या हातात एक निमुळती लाकडी काडी आणि सिगारेटच्या कागदाहून पातळ असा एक चिटोरा ठेवला होता. "घट्ट नाही वळायचं. कागदाला श्वास घेता आला पाहिजे," ते म्हणाले. मी घाबरून काकूंकडे पाहिलं. त्या शांतपणे मेथी निवडत होत्या.

काकांचं रिव्हॉल्वर म्हणजे जुन्या पद्धतीच्या हत्याराची नवी नक्कल. त्यात तयार काडतुसं चालत नाहीत. कागदाची चिमुकली नळी वळायची, तिच्यात बंदुकीची काळी दारू मोजून भरायची, तोंडाशी शिशाची गोळी चिकटवायची, टोक चरबीत बुडवायचं आणि अशी सहा काडतुसं रिव्हॉल्वरच्या फिरत्या चक्रात ठासायची आणि मागे ठिणगी पाडणाऱ्या टिकल्या बसवायच्या. मग एकदाचा बार उडतो, पांढऱ्या धुराचा लोट उठतो आणि सडक्या अंड्यांचा वास सुटतो. बाकीचे लोक बार काढला की दुर्बीण लावून निशाण बघतात. काका निशाणाकडे पाठ करून चक्र बाहेर काढायचे, उजेडाकडे धरून त्याच्या भोकांत एक डोळा घालायचे आणि कळवळून ओरडायचे, "राहिला! कोपरा राहिला!" कागद पूर्ण जळला पाहिजे, एवढाच त्यांचा ध्यास. "कागद असा जळावा, की तो होता हे बंदुकीलासुद्धा कळू नये," हे त्यांचं आवडतं वाक्य. निशाणाचं काय, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "ते कुठे पळून जातंय?"

या कागदापायी त्यांनी काय काय केलं! चहाच्या पिशव्या फाडल्या, काकूंच्या साड्यांच्या खोक्यांतले कागद पळवले. भुर्रकन जळावेत म्हणून सोरा या क्षाराच्या पाण्यात भिजवलेले कागद तळघरातल्या दोरीवर काकूंच्या ब्लाउजांशेजारी चिमटे लावून वाळत असायचे. शेवटी त्यांना हवा तसा कागद सापडला तो केस कुरळे करायच्या सामानात. झालं! डोक्यावर औषधालाही केस नसलेला हा माणूस दर महिन्याला मला घेऊन सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात जायला लागला. काउंटरवरच्या मुलीने माझ्या सरळसोट केसांकडे बघत एकदा प्रेमाने विचारलं, "सो, आर दीज फॉर यू?" मी होकार देणार तेवढ्यात काका खणखणीत आवाजात म्हणाले, "नो नो, फॉर माय रिव्हॉल्वर." त्या मुलीचा हात हवेतच थांबला. मी "ही इज जोकिंग" म्हणत त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. गाडीत बसल्यावर ते बराच वेळ फुरंगटून होते. "यात जोक कुठे केला मी?"

चरबीचं प्रकरण तर त्याहून अवघड. त्यांच्याबरोबर बार काढायला येणारा शेजारचा गोरा म्हातारा काडतुसांना खुशाल डुकराची चरबी लावायचा. काका पक्के शाकाहारी. त्यांनी म्हाताऱ्याला समोर बसवून अठराशे सत्तावनच्या काडतुसांची सगळी कहाणी ऐकवली. कॉफी दोनदा गरम करावी लागली. म्हाताऱ्याने ती मनापासून ऐकली आणि शेवटी विचारलं, "सो, हू वन?" "इट्स कॉम्प्लिकेटेड," काका म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या काडतुसांना घरचं साजूक तूप लावलं. दिवस ऐन जुलैचे. नेमबाजीच्या मैदानावर पोचेपर्यंत तूप वितळून दारूत झिरपलं होतं. टप, टप, टप अशा सहा टिकल्या वाजल्या, गोळी एकही सुटली नाही. काकूंना हे कळलं तेव्हा त्या पहिल्यांदाच खऱ्या भडकल्या. "मी इथे साय साठवून साठवून तूप कढवते, ते त्या मेल्या बंदुकीला?" अखेर मेण आणि खोबरेल तेल यावर घरात तह झाला.

शिक्षण संपलं आणि मी नोकरीसाठी देशाच्या दुसऱ्या टोकाला, रेडमंडला आले. इथे पाऊस आणि मीटिंगा, दोन्ही संपत नाहीत. गेल्या शरदात काकूंचा फोन आला. "अगं, त्यांचा हात थरथरतो आता. दारू सांडते. मुलगा फोनवर 'बाबा, प्लीज स्टॉप' म्हणाला, की हे फोन ठेवून देतात. एक दिवस घर पेटवतील गं. तुझं ऐकतील. तू सांग ना."

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत मी गेले. काय बोलायचं ते विमानात दहा वेळा घोकलं होतं. काका जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसले होते. त्यांनी पितळी मापाने दारू नळीत ओतली. अर्धी आत गेली, अर्धी वर्तमानपत्रावर सांडली. त्यांनी दुसरी नळी घेतली. तिचंही तेच झालं. मग माप खाली ठेवून, माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "खरं सांग. हलतोय ना हात?"

घोकलेलं सगळं विसरले. ज्या हातांनी मला परक्या मुलखात पहिल्यांदा काहीतरी शिकवलं, त्यांच्याकडे मी पाहिलं. "हलतोय, काका," मी म्हटलं.

त्यांनी वर्तमानपत्रावर सांडलेली दारू एका कडेला गोळा केली. "बरं झालं बोललीस. बाकी सगळे यू आर फाइन, यू आर फाइन करतात." मग त्यांनी माप माझ्याकडे सरकवलं. "तर मग तू भर. मी वळतो."

शनिवारी मैदानावर बार मी काढले. धूर विरायच्या आत काकांनी चक्र मागून घेतलं आणि उजेडाकडे धरलं. आत कागदाचा कपटासुद्धा नव्हता. त्यांचा चेहरा असा खुलला, की मला त्यांच्याकडे बघवेना. त्याच संध्याकाळी दारूचा डबा आणि रिव्हॉल्वर त्यांनी स्वतः नेऊन शेजारच्या म्हाताऱ्याच्या कपाटात ठेवलं. काकूंना शब्द दिला, एकट्याने भरणार नाही.

तो शब्द त्यांनी पाळलाय. परवा काकू फोनवर सांगत होत्या, "बिस्किटांचे सगळे डबे भरले, आता माझ्या पोळ्यांच्या डब्यात नळ्या ठेवायला लागलेत. सगळ्या रिकाम्या. रोज सकाळी बसून वळतात. म्हणतात, ती आली की भरेल." मी लॅपटॉपवर कॅलेंडर उघडलं. प्रोजेक्टची डेडलाइन होती; उन्हाळ्यापर्यंत रजेची एकही जागा दिसेना.

"येते म्हणून सांगा," मी म्हटलं.

पलीकडून, जरा लांबून, काकांचा आवाज आला. "कधी, ते विचार तिला."