आत्याची मोडीतली वही

माझी आत्या आमच्या उत्तरेतल्या हिंदी बोलणाऱ्या शहरात, सदर बाजारामागे दोन खोल्यांत एकटी राहायची. तिनं लग्न केलं नव्हतं. मुलींच्या शाळेत शिवण शिकवून ती निवृत्त झाली होती. तिच्याकडे तिच्या आईच्या हातची एक जाड वही होती. तिची आई म्हणजे माझी आजी, पण ती माझ्या जन्माआधीच गेलेली. त्यामुळे मला ती वही आत्याचीच वाटायची.

त्या वहीत काय नव्हतं? ओव्या, आरत्या, डोहाळ्यांची गाणी, आणि त्यांच्याच पोटात तान्ह्या बाळाला वावडिंग किती द्यायचं, सांडगे कोणत्या उन्हात घालायचे, दोन जुन्या लुगड्यांतून एक गोधडी कशी बेतायची. कागद वाया जाऊ नये म्हणून सगळं एकाखाली एक. पहिली काही पानं देवनागरीत होती, बाकीची मोडीत. आजीला तिच्या वडिलांनी मोडी शिकवली होती, आणि भराभर लिहायचं असलं की तिचा हात आपोआप मोडीकडे वळायचा, असं आत्या सांगायची.

मी इंटर कॉलेजात, म्हणजे बारावीपर्यंतच्या शाळेत, हिंदी शिकवते. घरात मराठी बोलतो, तीही अर्धी हिंदीच. आत्या म्हणाली, रविवारी येत जा, तुला मोडी शिकवते. मी चार रविवार गेले. पाटीवर तिनं अक्षरं काढून द्यायची, मी गिरवायची. मग उत्तरपत्रिका आल्या, मुलीची ट्यूशन लागली, आणि मी जायची थांबले. आत्यानं फोनवर दोन-तीनदा विचारलं. नंतर विचारेनाशी झाली.

दोन वर्षांनी तिला काचबिंदू झाला. कळलं तेव्हा उशीर झाला होता. ग्वाल्हेरला नेलं, थेंब घातले, ऑपरेशन केलं. दोन वर्षांत दोन्ही डोळे गेले. तेव्हा मात्र मी दर रविवारी ऑटोनं जाऊ लागले. तिची नखं काढायची, गोळ्या डब्यांत लावून ठेवायच्या, मऊ खिचडी करून यायची. आधी का आले नाही, हे तिनं कधी काढलं नाही.

थंडीतल्या एका दुपारी ती अंगणात उन्हाला बसली होती. तिनं वही मागवली आणि चाचपत माझ्या मांडीवर ठेवली.

"आईनं माझ्यासाठी लिहिलेलं गाणं आहे यात," ती म्हणाली. "मला निजवताना म्हणायची. डोळे होते तेव्हा वही हाताशी होती, पाठ केलं नाही. दोन ओळी आठवतात, पुढचं गेलं. तेवढं वाच."

त्या दोन ओळी तिनं म्हणून दाखवल्या:

नीज गेली पाण्याला, तिची घागर रिकामी
वाट बघते लेक माझी, किती वेळ थांबू आम्ही

शेवटाकडे, कोपऱ्यात तेलाचा डाग असलेलं पान, असं तिनं सांगितलं. पान लगेच सापडलं. पण त्यातली मला जेमतेम तीन अक्षरं ओळखू आली. वाचता येत नाही, असं म्हणायला हवं होतं. चार रविवारांनंतर मी का आले नाही ते निघेल, या लाजेनं मी म्हटलं नाही. त्या दोन ओळी म्हणून मी पुढचं रचत गेले. चांदोबा आणला, पाळणा आणला, यमक जुळवलं. हिंदी कविता शिकवणारीला ते अवघड नव्हतं. आत्यानं शेवटपर्यंत ऐकलं. तिचा हात पानावर होता.

"पुढचं आठवत नसलं, तरी हे त्यात नाही," ती म्हणाली. आणि वही मिटत, "तुला येत नाही हे मला ठाऊक होतं. मला वाटलं, सांगशील."

मी माफी मागितली. तिनं चहा ठेवायला सांगितलं. गाण्याचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही.

मी माणूस शोधू लागले. रेल्वे कॉलनीत नागपूरकडचे एक निवृत्त गृहस्थ होते, त्यांच्याकडे वही घेऊन गेले. त्यांनी चष्मा पुसून पुसून पाहिलं. म्हणाले, माझ्या वडिलांना येत होतं, आम्ही शिकलो नाही. शेवटी ओळखीतून पुण्यातल्या एका मोडी वाचणाऱ्याचा पत्ता लागला. पानाचे फोटो पाठवले. आठवड्यानं त्यांचा फोन आला. कोपऱ्यातलं तेल इतक्या वर्षांत खालच्या सगळ्या पानात पसरलंय, त्यामुळे मागच्या बाजूची शाई पुढे उतरली आहे, दोन्हीकडची अक्षरं एकमेकांत मिसळली आहेत, असं ते म्हणाले. वरच्या दोन ओळी लागतात, खाली काहीच लागत नाही. त्या दोन ओळी त्यांनी वाचल्या. आत्याला आठवत होत्या, त्याच.

मी तिला खरं ते सांगितलं. या वेळी खोटं बोलायची हिंमत नव्हती. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"म्हणजे माझ्याकडे होतं तेवढंच," ती म्हणाली.

ती आषाढात गेली. शेवटच्या महिन्यांत ती फार बोलत नसे. कामवालीशी हिंदीत दोन शब्द, माझ्याशी तेवढेच मराठीत.

वही आता माझ्या कपाटात आहे. पुण्याच्या गृहस्थांनी दोनदा फोन केला. बाकीची पानं स्वच्छ आहेत, पाठवा, हळूहळू वाचून देतो, असं म्हणाले. मी हो म्हटलं. मुलीला वही दाखवली, तर तिनं चार पानं उलटली आणि म्हणाली, "मम्मी, रख दो, कभी देखेंगे." तिला मराठी कळते, पण ती बोलत नाही. तिला मी काय रागावणार?

फोटो मी अजून पाठवलेले नाहीत. पाठवले तर वावडिंगाचं माप कळेल, सांडग्यांचं कळेल. जी बाई मला ते वाचायला शिकवणार होती, ती डोळे जाईपर्यंत चार वर्षं माझ्यापासून एका ऑटोच्या अंतरावर बसून होती.