थर्मोस्टॅट बदलला आणि एसी दिवेलागणीला बंद पडू लागला

आधीच सांगतो, मी परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात एकतीस वर्षं इलेक्ट्रिकल मेन्टेनन्स केलंय. तेव्हा खाली ‘काका, अर्थिंग चेक करा’ असं लिहिण्याआधी मेहरबानी करून शेवटपर्यंत वाचा. अर्थिंग चेक केलंय! आणि भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. शवागाराचा कॉम्प्रेसर एकट्याने उघडून बसलेला माणूस आहे मी. तिथे मला कधी कोणी हाक मारली नाही. जे काही झालं ते माझ्या स्वतःच्या हॉलमध्ये, खिडकीबाहेर अजून उजेड असताना.

आम्ही काळाचौकीला राहतो. चाळीच्या जागी टॉवर झाला, त्यात नवव्या मजल्यावर आमची जागा. हॉलच्या पश्चिमेच्या खिडकीत जुना विंडो एसी आहे आणि समोरच्या भिंतीवर, बरोबर त्याच्या तोंडासमोर, देव्हारा. दुसरीकडे भिंतच उरली नाही. त्यामुळे मंदा, म्हणजे माझी बायको, रोज संध्याकाळी निरांजन लावायच्या आधी एसी बंद करणार, हात जोडून झाले की पुन्हा चालू करणार. मी ड्यूटीवर असायचो तोवर हे मला माहीतही नव्हतं. रिटायर झालो आणि रोज सातच्या सुमारास माझं डोकं तापायला लागलं. कॉम्प्रेसर असा सारखा बंद-चालू करायचा नसतो, हे मी तिला किती वेळा सांगितलं असेल!

एप्रिलमध्ये एसीचा थर्मोस्टॅट गेला. खोली पुरेशी गार झाली की कॉम्प्रेसर थांबवणं एवढंच त्याचं काम, पण मशीन थांबेचना, आत कॉइलवर बर्फ धरायला लागला. एका रविवारी मी नवा आणला, स्वतः बसवला, सेन्सरची नळी जागच्या जागी क्लिप केली. आता टेस्टिंग — दोन तास मशीन सलग चालवायचं, दर दहा मिनिटांनी टेम्परेचर लिहायचं. दीड तास झाला आणि मंदा निरांजन घेऊन आली.

“अहो, जरा बंद करा ना.”

“आज नाही. टेस्टिंग चालू आहे.”

तिने पदर आडवा धरून लावायचा प्रयत्न केला. तीनदा विझलं. तिसऱ्यांदा तिने माझ्याकडे नुसतं बघितलं आणि मी म्हणालो, “विझला तर विझू दे! बत्तीस वर्षं लावतेयस, काय मिळालं त्या दिव्याने?”

मंदा रागावली की मालवणीत शिरते. ती फक्त एवढंच म्हणाली, “बरां.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती डोंबिवलीला रूपालीकडे, आमच्या लेकीकडे, निघून गेली. चार दिवसांसाठी म्हणून. त्याचे दोन महिने झाले. मी फोन केला नाही. का करू? चूक काय होती माझी? टेस्टिंग अर्धवट सोडायचं?

ती गेली त्याच संध्याकाळी एसी बंद पडला. दहा मिनिटांनी आपला आपण सुरू झाला. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशीही. बाकी दिवसभर घड्याळासारखा चालतोय!

आता जाणकारांनी लक्ष द्या. थर्मोस्टॅटने कॉम्प्रेसर थांबतो, आतला पंखा चालूच राहतो. इथे पंखासुद्धा थांबायचा. हवा पूर्ण बंद. स्टॅबिलायझरचा दिवा मात्र चालू, व्होल्टेज बरोबर, प्लगमध्ये करंट. मी नळी काढून पुन्हा बसवली, वायरिंग बदललं, थर्मोस्टॅटही बदलून दुसरा आणला. शेवटी विल्सनला बोलावलं. विल्सन माझा हॉस्पिटलातला जुना जोडीदार, आयुष्यभर एसीच केलेत त्याने. तो तीन संध्याकाळी येऊन बसला, मशीन बंद पडताना त्याने मीटर लावून बघितला.

“मोहन, मशीनमधे कायच फॉल्ट नाय रे. तुझ्या घरात काय झालंय ते बोल.”

मी त्याच्यावर इतका भडकलो की तो चहा अर्धा टाकून गेला.

बंद पडायची वेळ मी वहीत लिहीत होतो, नोकरीतली सवय. सात-पाच, सहा-पन्नास, सात-वीस... टायमरसारखी एकच वेळ असती तर काही शोधता आलं असतं. मग एकदा संध्याकाळी रूपालीचा फोन आला. बोलता बोलता ती म्हणाली, “बाबा, एक मिनिट, आई पंखा बंद कर म्हणतेय, दिवा लावतेय.” आणि माझ्या पाठीमागे एसी थांबला.

योगायोग. मी पण हेच म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून रूपालीला रोज फोन करून आडून आडून विचारायला लागलो, आईने दिवा किती वाजता लावला. माझ्या वहीतली वेळ आणि तिची वेळ, एकदाही चुकली नाही. एकदा मंदा बाजारातून उशिरा आली, पावणेआठला दिवा लावला. इथे एसी पावणेआठला बंद! मला भीती नाही वाटली, संताप आला. म्हणजे डोंबिवलीत बसून ही बाई माझं मशीन बंद करणार? मी रिकाम्या हॉलमध्ये एसीवर ओरडलोय, खोटं कशाला सांगू.

जूनमधला एक दिवस. सात वाजले, एसी चालू. सव्वासात, चालूच. फॉल्ट गेला वाटतं, म्हणून मी खूश झालो. साडेसातला वहीकडे बघितलं, पेन हातात तसंच. पावणेआठला मी उठून एसीसमोर जाऊन उभा राहिलो. थंड हवा तोंडावर येत होती आणि मी घामाने भिजलो होतो. बंद पड रे बाबा, असं मी त्या मशीनला म्हणालो!

दोन महिन्यांनी पहिल्यांदा मंदाचा नंबर लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. रूपाली अजून ऑफिसात होती, तिला म्हटलं, शेजाऱ्यांना चावी घेऊन आत्ताच्या आत्ता पाठव. “बाबा, झालंय काय पण?” मी काय सांगणार? एसी बंद पडत नाहीये म्हणून? नुसता ओरडलो, पाठव!

शेजारणीने दार उघडलं तेव्हा मंदा स्वयंपाकघरात जमिनीवर पडलेली होती, बेशुद्ध. तिला डायबेटिस आहे. त्या दिवशी संकष्टी. सकाळी गोळी घेतली आणि दिवसभर पोटात काही नाही. घरी असली की संकष्टीला दुपारी मी तिच्यासमोर बसतो आणि ती साबुदाण्याची खिचडी संपवेपर्यंत उठत नाही. भांडण होतं, पण ती खाते. डोंबिवलीत समोर बसायला कोणी नव्हतं, कारण मी माझ्या नव्या थर्मोस्टॅटसमोर बसलो होतो. डॉक्टर म्हणाले, साखर फार उतरली होती, आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं.

मी दवाखान्यात पोचलो तेव्हा ती शुद्धीवर आली होती, हाताला सलाईन. मला बघून म्हणाली, “अहो, आज दिवा लावायचा राहिला.”

“माहीत आहे मला,” मी म्हणालो. तिचा हात धरून बसलो, बस.

आता ती घरी आहे. त्या दिवसापासून एसी आपणहून एकदाही बंद पडलेला नाही, मशीनमध्ये मी काहीही केलेलं नाही. थर्मोस्टॅट तोच, वायरिंग तेच. विल्सनची माफी मागितली. तो म्हणतो, विसर. कसा विसरू? एकतीस वर्षं प्रत्येक फॉल्टचं कारण शोधून रजिस्टरमध्ये लिहिलंय मी, याच एकाचं सापडत नाही, आणि याचा मला आजही राग आहे.

कोणाला काही सुचत असेल तर जरूर लिहा. फक्त सातच्या सुमारास माझ्याकडून लगेच उत्तर येणार नाही. तेव्हा आतून आवाज येतो, “आता उठा नि तो बंद करा, दिवो लावचो आसा,” आणि मी उठतो.