बुडालेल्या गावाची वाट

विनीतच्या पायांकडे नजर गेली की बनूबाईंना आपला नवरा दिसतो. रुंद, बोटं फाकलेली, चिखलातही टाच आधी टेकणारी, थेट बापाची पावलं. दोन उन्हाळ्यांपूर्वी तसल्याच पावलांनी हिरामण धरणाच्या पाण्यात उतरले ते परत आले नाहीत. आता पोरगाही तिथेच उतरायचं म्हणतो. भाकरी थापताना, गिऱ्हाइकाशी हसून बोलतानाही बनूबाईंचं अर्धं चित्त त्या पायांपाशीच असतं.

गाव धरणात गेलं तेव्हा विनीत रांगत होता. चामटोली गावाच्या अलीकडे नवी वसाहत मिळाली. सरळसोट रस्ते, एकासारखी एक घरं. बनूबाईंना त्या रस्त्यांचा राग यायचा. "वळणंच नाय, तर माणूस माणसाला भेटनार कुठं?" असं म्हणायच्या. एकदा अंबरनाथ पूर्वेला नातलगांच्या फ्लॅटमध्ये गेल्या, तेव्हा नळ सोडून ओंजळभर पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "आमच्या गावावरूनच आलंय हे." घरची सून हसली. तिला ती थट्टा वाटली.

गाव सोडताना गावदेवीची मूर्ती नव्या जागी न्यायची ठरली. पण देवीच्या पायऱ्यांना दगड आपल्याच गावचा हवा, यावर सगळे अडून बसले. देवीच्या चौथऱ्याला हात लावायचा नव्हता, म्हणून शेजारच्या विहिरीचा कठडा उकलला. हिरामणनी स्वतः पहार चालवली, दगड गाडीत भरले, नव्या देवळापुढे रचले. कठडा गेला. विहीर उघड्या तोंडाची तिथेच राहिली आणि तिच्यावर पाणी चढलं.

पुढे बरीच वर्षं उन्हाळ्यात पाणी ओसरलं की जुनं गाव वर यायचं. मग उघड्या विहिरीच्या भीतीने पोरांना घरी ठेवून सगळी वसाहत तिकडे लोटायची. पुरुष चौथऱ्यावर तेल-नारळ वाहायचे आणि बाया आपापल्या घराच्या जोत्यावर सडा घालून शेणाने सारवायच्या. भिंत नाही, छप्पर नाही, पावसाळ्यात सगळं पुन्हा बुडायचंच, तरी सारवायच्या. बनूबाई तर चुलीच्या जागी बोटांनी रांगोळीसुद्धा ओढायच्या. मग धरणाची उंची वाढली आणि जोती वर यायची थांबली. चौथऱ्याचा माथा तेवढा दिसतो, तोही भर मे महिन्यात, गुडघाभर पाण्यापलीकडे.

त्या वर्षी हिरामणना धीर निघाला नाही. "देवीला दिवा लावून येतो. वाट काय मला नवी हाये?" म्हणत धोतर खोचून निघाले. बनूबाई काठावर शेणाची पाटी घेऊन उभ्या होत्या. पाटी कशाला आणली होती, त्यांनाही सांगता आलं नसतं. हिरामण पाण्यातून असे चालले, जणू बाजारातून घरी येताहेत. आपल्या दारातून सरळ, चिंचेपाशी वळण, मग नडगीला विहिरीचा कठडा लागेपर्यंत पुढे आणि तिथून उजवीकडे देवी. ही सगळी वाट पायांना पाठ. अंधारात, तापात, लग्नातली ताडी चढलेली असतानाही ते असेच चालत देवीपाशी पोचायचे. पाय कठडा लागायची वाट बघत राहिले. कठडा तर नव्या देवळाच्या पायऱ्यांत होता, त्यांनीच बसवलेला. बनूबाईंना दिसली ती फक्त त्यांची टोपी, तरंगणारी. विहीर गाळाने भरलेली होती आणि त्या गाळाने पाय सोडले नाहीत.

विनीत तेव्हा अंबरनाथच्या कारखान्यात होता. तो आला तेव्हा बाप काठावर निजवलेला होता.

नंतर कारखान्यातलं कंत्राट संपलं. तोवर नदीकाठ सगळा बदलला होता. जिथे तिथे फार्महाउस, तंबू, 'रिव्हर व्ह्यू'च्या पाट्या. शनिवार-रविवारी गाड्यांची रांग. बनूबाई आणि सून श्रद्धा चुलीवरचं जेवण करून देऊ लागल्या. भाकरी, सुकट, ठेचा. माणसं बोटं चाटत जेवायची. एकदा एक मुलगी बनूबाईंना म्हणाली, "मावशी, तुमचं गाव पाण्याखाली आहे? वॉव! काय व्ह्यू असेल!"

"व्ह्यू कसला गं," बनूबाई म्हणाल्या, "माझी चूल हाये खाली."

ते ऐकून विनीतच्या डोक्यात कल्पना आली. श्रद्धाने मोबाइलवर पान काढलं, 'बुडालेलं गाव'. विनीत लोकांना काठाने हिंडवू लागला. इथे अमक्याचं घर, इथे खळं, इथे चिंच. सगळं आईने लहानपणी झोपवताना सांगितलेलं. त्याने स्वतः काहीच पाहिलं नव्हतं, पण सांगायचा असा की एखादी बाई पदर डोळ्यांना लावायची.

त्या शनिवारी दुपारी तो दोर गुंडाळत बसला होता.

"उद्या पब्लिकला देवीपर्यंत नेतो, आई. पाणी गुडघाभरच हाय. बारा-पंधरा लोक, पोरंबाळं पण. श्रद्धा, बुकिंग फुल ना?"

"फुल," श्रद्धा चुलीपाशी बसूनच म्हणाली. तिने वर पाहिलं नाही.

बनूबाईंचे हात पिठात थांबले. "पोरंबाळं?"

"अरे यार, सुरू झालं तुझं! दोर हाय, काठी हाय. टेन्शन नको घेऊस."

"तुज्या बापाला काय वाट ठावं नव्हती?"

"बाबा एकटे गेले, काठी न घेता. आणि मला विहीर माहितीये ना! देवीकडे जाताना डाव्या हाताला. तूच सांगितलंस. मी पब्लिकला उजवीकडून नेणार. खतम."

बनूबाईंनी पिठाचा गोळा परातीत टाकला.

डावा हात खराच. पण आपल्या दारातून निघालं तर. गोष्ट सांगताना त्या नेहमी आपल्या उंबऱ्यावरून निघायच्या, दुसरीकडून निघायचं कधी सुचलंच नाही. ते दार आता पाण्याखाली, त्या बाजूला गाड्याही पोचत नाहीत. विनीत लोकांना उतरवणार पलीकडून, धरणाच्या रस्त्याने. तिकडून देवीकडे तोंड केलं की विहीर येते उजव्या हाताला.

ओठांवर आलं होतं, सांगून टाकावं. मग त्यांना पुढचंही दिसलं. विनीत उठून मिठी मारेल, म्हणेल, "बघ, झालं ना क्लिअर! आता डावीकडून नेतो." आणि निघेल. उद्या चिंचेच्या खोडाचं विचारेल, परवा उकिरड्याच्या खड्ड्याचं. त्या सांगत राहतील, तो उतरत राहील, मागे लोकांची पोरं. आणि आपल्याला तरी कुठे ठाऊक, वर्षानुवर्षांच्या गाळाखाली काय कुठे सरकलंय? ज्यांनी तो दगड स्वतः उपसला, त्यांनाच कळलं नाही.

"नको जाऊस, इन्या," एवढंच त्या म्हणाल्या.

"आई, बापाच्या जमिनीवर माझा पण हक्क हाय ना? नोकरी कधी देतील तेव्हा देतील. तोवर गावानेच खाऊ घालावं मला." तो हसत म्हणाला, पण नजर दोरावरच ठेवून. दोर खांद्यावर टाकून तो काठाकडे गेला, उद्याचे खांब रोवायला.

त्या हक्काचं बोलणं त्यांना चांगलंच लागलं. धरणग्रस्तांच्या मुलांना नोकऱ्या मिळत होत्या आणि विनीतचं नाव आत्ता कुठे वर सरकलं होतं. गावचेच बाळाजी धरणावर पहारेकरी. पाण्यात उतरायला बंदी असूनही हिरामणचा मुलगा म्हणून ते विनीतकडे काणाडोळा करत. मागच्या आठवड्यातच रस्त्यात भेटले. "वैनी, काठाने फिरतो तोवर ठीक. पाण्यात माणसं घातलीन तर मला पोलिसांना कळवावं लागंल. एकदा केस झाली की नोकरीचं इसरा. आवरा त्याला."

बनूबाई हात धुवायला उठल्या आणि तशाच खाली बसल्या. बाळाजींना सांगितलं तर ते उद्या फाटकावरच अडवतील. विनीत ऐकणाऱ्यातला नाही, हुज्जत घालेल, केस होईल. बापाच्या जमिनीच्या बदल्यात मिळणारी एकुलती एक गोष्ट जाईल. आणि हे आईने केलं, हे त्याला कळल्याशिवाय राहणार नाही. कदाचित बोलणं टाकेल. श्रद्धाला घेऊन उल्हासनगरला तिच्या माहेराकडे खोली करील. तिथून भांडेल, शिव्या देईल, पण तिथे असेल.

श्रद्धा फुंकणी खाली ठेवून त्यांच्याकडे बघत होती. डोळे धुराने लाल झाले होते, की कशाने.

"आई," ती हळूच म्हणाली, "मला पण रात्रभर झोप नाही. पण मी बोलले तर ते ऐकतात होय?"

"नाय ऐकायचा. माझंबी नाय." बनूबाईंनी ओले हात पदराला पुसले. "आन तुजा फोन. बाळाजीभावजींचा नंबर लाव."

"नोकरी जाईल, आई."

"जाऊ दे. लाव."