तोंडाचा वास घेणारी मावशी

फौजदार मावशी मला कधीच आवडली नाही आणि आजही आवडत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून कौतुकाची अपेक्षा ठेवणार नाही.

आमच्या बालवाडीत चाळीस मुलं, आम्ही तीन शिक्षिका, एक मोठ्या बाई आणि ही एक मदतनीस. ‘फौजदार’ हे नाव आम्हीच ठेवलेलं. तिला ते माहीत होतं आणि मला तर दाट संशय आहे की तिला ते आवडायचंही. उंच, हाडकुळी, साठीला टेकलेली बाई. केस इतके करकचून बांधलेले की भुवया वर ओढल्यासारख्या दिसायच्या. बालवाडीत येण्याआधी अठरा वर्षं तिने इस्पितळात, मुलांच्या वॉर्डात आयाचं काम केलं होतं, आणि तिथून निघताना फिनेलचा वास आणि तिथला सगळा हेकेखोरपणा गाठोड्यात बांधून आमच्याकडे आली होती.

तिच्या खिशात कायम एक पुठ्ठ्याची नळी असायची. त्या नळीतून जे खेळणं आरपार जाईल ते सरळ कचऱ्यात. पडद्याची दोरी लोंबकळताना दिसली की कात्री. द्राक्ष उभं चिरून चार तुकडे केल्याशिवाय एकाही मुलाच्या तोंडाला लागायचं नाही. माझ्या वर्गासाठी मी हौसेने आणलेले रंगीत लाकडी मणी तिने एका दुपारी असेच फेकून दिले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

“मावशी, निदान विचारायचं तरी!”

“मणी विचारणार होते का, घशात जाऊ का म्हणून?” ती म्हणाली आणि फरशी पुसायला लागली.

मोठ्या बाई सोडल्या तर ती सगळ्यांना ‘तू’ म्हणायची. शिक्षिकांनाही, पालकांनाही. काहीजण दबक्या आवाजात म्हणायचे, तिचं एखादं मूल गेलं असेल बिचारीचं, म्हणून ती अशी. कसलं काय! चांगले दोन धडधाकट मुलगे होते तिला, आणि दोघेही तिच्याशी बोलत नव्हते. मला त्यांचं अजिबात नवल वाटायचं नाही.

पण तिचा खरा दरारा होता तो सकाळी दारात. तिथे ती स्टूल टाकून बसायची आणि प्रत्येक मुलाला तिच्यापुढून जावं लागायचं. मानेला पालथा हात, डोळे, तळहात, आणि मग “आ कर”. मूल तोंड उघडायचं आणि ही नाक पुढे करून वास घ्यायची. नवीन पालकांना वाटायचं बाई वेडी आहे. जुन्यांना माहीत होतं. नोकरी करणारे आईबाप तापलेल्या मुलाला सकाळी तापाचं औषध पाजतात आणि आणून सोडतात. औषधाने अंग गार पडतं, अकरा-साडेअकरापर्यंत मूल बागडतं, मग ताप फणफणतो. तोवर शेजारच्या चार मुलांना लागण झालेली असते, पण आईबापांचा ऑफिसातला अर्धा दिवस मात्र पदरात पडलेला असतो. त्या औषधाला स्ट्रॉबेरीचा वास असतो. फौजदाराला तो हातभर अंतरावरून यायचा.

“पाजून आणलंय. घरी ने.”

आया रडायच्या, बाप आवाज चढवायचे. एका वकील बापाने तिला कायद्याची भीती घातली. तिने शांतपणे त्याच्या मुलाला उचललं आणि मुलाचं तोंड त्याच्याच नाकाशी धरलं. “तूच सांग कसला वास येतोय ते.” वकीलसाहेब नाक मुठीत धरून परत गेले. त्या दिवशी मीसुद्धा हसले होते. दुसऱ्याची फजिती बघायला काय जातं?

आता माझं सांगते. माझी मुलगी साडेतीन वर्षांची, तीही याच बालवाडीत. तिच्या कांजिण्यांत माझ्या सगळ्या रजा संपल्या होत्या. मोठ्या बाईंनी मला बोलावून स्वच्छ सांगितलं होतं, “आणखी एक खाडा झाला तर मला दुसरी शिक्षिका बघावी लागेल.” नवरा कामासाठी महिनाभर परगावी. सासूबाईंचं म्हणणं ठरलेलं, “माझी मी वाढवली, तुझी तू वाढव.” आणि त्या मंगळवारी सकाळी पोरीचं अंग तव्यासारखं तापलेलं.

मी औषध दिलं. दुपारपर्यंत पुरावं म्हणून मापापेक्षा जरा जास्तच दिलं. केळं कुस्करून त्यात कालवलं, म्हणजे तोंडाला वास येणार नाही. मग दोनदा दात घासले. आणि दारातून न जाता तिला मागच्या स्वयंपाकघराच्या दाराने आत नेलं. हे सगळं मलाच जमण्यासारखं होतं, कारण फौजदार काय आणि कुठे बघते ते बाहेरच्या कुठल्या आईला इतकं नेमकं माहीत असणार? शिक्षिकेने असं केलं तर नोकरी जाणार, हे आम्हा तिघींना लेखी दिलेलं होतं. मी त्यावर सहीसुद्धा केली होती.

पावणेबाराला झोपेच्या खोलीतून फौजदाराची हाक आली. गाद्यांच्या ओळीत माझी पोर लालबुंद होऊन पडली होती. फौजदाराच्या हातात थर्मामीटर होता. एकशे तीनच्या वर. मोठ्या बाई धावत आल्या. दुसरी शिक्षिका दारात उभी राहून बघत होती.

“हिला औषध दिलंयस का आज?” फौजदाराने मला विचारलं.

“नाही.”

“तोंडाला वास येतोय.”

“केळ्याचा आहे तो,” मी म्हटलं. “सकाळी चांगली होती. आत्ताच चढलाय ताप.”

मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. शिक्षिकेचा शब्द आणि मदतनिसाचं नाक यात त्यांनी माझा शब्द धरला. “मावशी, वेळ घालवू नका. नोंदवहीत सही घ्या आणि डोस द्या.”

नोंदवहीत छापलेलंच होतं की गेल्या सहा तासांत मुलाला तापाचं कुठलंही औषध दिलेलं नाही. खाली आईची सही. मी सही केली. एका दमात केली, हे सांगायला आज मला लाज वाटते.

फौजदाराने कमरेच्या किल्लीने कपाट उघडलं. आमच्याकडे पाठ करून चमच्यात ओतलं. मग पोरीला मांडीवर घेतलं, तिचं डोकं कोपरात टेकवलं आणि चमचा ओठांशी नेला. तिथेच थांबली. माझ्याकडे बघत राहिली.

मला सगळं ठाऊक होतं. साडेआठला जास्तीचा डोस दिलेला, आता वर पुन्हा पूर्ण डोस, म्हणजे लहान मुलाच्या यकृताला काय होऊ शकतं ते आम्हाला दरवर्षी शिकवलं जायचं. तरी माझ्या डोक्यात आधी काय आलं? नोकरी. मग दारातल्या त्या शिक्षिकेचा चेहरा. मग असंही आलं की एका चमच्याने काय होतंय, संध्याकाळी डॉक्टरकडे नेऊ. आई असून मी हा विचार केला. पोरीने तापातच ओठ उघडले, आणि तेव्हा कुठे मी पुढे झाले आणि चमच्याला फटका मारला.

“दिलंय मी! साडेआठला दिलंय, जास्त दिलंय! नका देऊ!”

चादर भिजली. ते औषध गुलाबी असतं. चादरीवर गुलाबी काहीच नव्हतं. मी हात लावून पाहिला. नुसतं पाणी.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे हिला माहीत होतं! माहीत असून सगळ्यांसमोर मला नागवं केलं, माझ्याच पोरीला मांडीवर घेऊन. तिथल्या तिथे तिचे ते करकचून बांधलेले केस उपटावेत असं वाटलं. तिने मात्र ओल्या फडक्याने पोरीचं अंग पुसायला घेतलं आणि मोठ्या बाईंना म्हणाली, “साडेआठ. जास्तीचा डोस. डॉक्टरांना हेच सांगायचं.”

दवाखान्यात तीही आली. मी नको म्हटलं तरी आली. वेळा तीच सांगणार होती. डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले, घशाचा संसर्ग आहे, उतरेल. पण दुसरा डोस पोटात गेला असता तर रात्रभर इथे ठेवून रक्त तपासत बसलो असतो.

बाहेर बाकावर आम्ही दोघी शेजारी बसलो. पोर माझ्या खांद्यावर झोपली होती. मला राहवलं नाही.

“पाणीच द्यायचं होतं तर माझ्याशी तसं सरळ बोलायचं होतंत ना, मावशी. एवढा तमाशा कशाला?”

“बोलले की. वास येतोय म्हणाले. तू केळं म्हणालीस.”

“पण तेवढा वेळ चमचा धरून माझ्याकडे बघत बसलात!”

“मोजत होते,” ती म्हणाली.

“काय?”

“तुला किती वेळ लागतो ते. सात झाले. पोटच्या पोरीसाठी तुला सात आकडे लागले.” तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त झोंबलं. “मोठ्या बाई तुला माफ करायला तयार आहेत. माणसं मिळत नाहीत ना हल्ली. पण मी त्यांना सांगितलंय, हिला ठेवू नका. दुसऱ्याच्या पोरासाठी हिला किती आकडे लागतील ते मला बघायचं नाही.”

ती उठली, पोरीच्या मानेला पालथा हात लावून ताप पाहिला आणि मागे न बघता रस्त्याला लागली. मला तिला शिव्या घालायच्या होत्या. त्याऐवजी मी तिथेच बसून मनातल्या मनात एकपासून सातपर्यंत मोजलं. मग पुन्हा मोजलं, जरा भरभर. तरी सात फार लांब होते.