सुतळी मोजून इंजिन विकणारे भाऊ

दुकानात माल मांडून ठेवायचा आणि तो गिऱ्हाइकाच्या हाती लागू नये म्हणून जिवाचं रान करायचं, असा दुसरा दुकानदार अख्ख्या चंद्रपूर-गडचिरोलीत झाला नसेल. होऊही नये. असे दोघं असते तर माझं डोकं केव्हाच फिरलं असतं. एकानंच मला इतके धक्के दिले आहेत की ते आठवूनसुद्धा आवाज चढतो.

भाऊ मूळचे घड्याळजी. मोबाईल आले, लोकांनी मनगटावरची घड्याळं काढून ठेवली आणि भाऊंची दुरुस्ती बसली. दुसरा कोणी असता तर मोबाईलचीच कव्हरं विकायला बसला असता. भाऊंनी अर्ध्या दुकानात छोटी रेल्वे मांडली. करंटवर चालणारी, वीतभर लांबीची इंजिनं, डबे, रूळ, सिग्नल, टाचणीएवढे फाटकवाले. चंद्रपुरात हे कोण घेणार, असं कुणीही विचारेल. आम्ही सातजण घेत होतो. बल्लारशाचे एक इंजिन ड्रायव्हर, दिवसभर खरं इंजिन चालवून घरी जाऊन पुन्हा इंजिनच चालवणारे. मोहर्लीचा एक जिप्सीवाला, पर्यटकांना वाघ दाखवायला नेणारा; त्याला फक्त मालगाडीचे डबे हवे असत. सूरजागडच्या खाणीवरचा एक सुपरवायझर. असे आणखी तिघं, आणि सातवा मी. माझी सावली गावात राइस मिल आहे. ती मी बापाकडून घेतलेली नाही. बाप तलावात जाळं टाकायचा आणि आई डोक्यावर टोपलं घेऊन गावोगाव मासोळी विकायची. तिच्या मागे फिरून मी भाव करायला शिकलो. लहानपणी खेळणं कसलं असतं ते माहीत नव्हतं, ते पन्नाशीत घेतलं. लोक हसतात. हसोत.

पहिल्यांदा मी मिलचा पट्टा घ्यायला चंद्रपूरला गेलो होतो. काचेआड इंजिन फिरताना दिसलं आणि आत शिरलो. म्हणालो, हे द्या. भाऊंनी डोळ्यावरचं भिंग वर केलं आणि विचारलं, "घरी टेबल केवढा हाय?" मी म्हणालो, आठ बाय चार. "तोंडानं सांगितलेला टेबल नेहमीच मोठा असते," भाऊ म्हणाले. "सुतळी आणा. टेबलाच्या लांबीची एक, रुंदीची एक. मग पाहू." मला वाटलं, गंमत करतायत. गंमत नव्हती. प्रत्येक गिऱ्हाइकानं सुतळी आणायची आणि भाऊंनी ती फुटपट्टीवर ताणून बघायची, मग वळणाला जागा पुरेल की नाही ते ठरवायचं, हा त्या दुकानाचा रिवाज होता. हातात पैसे घेऊन उभ्या असलेल्या माणसाला त्यांनी मूल गावावरून सावलीला परत पाठवलं. मी आयुष्यात इतका थक्क झालो नव्हतो. तिसऱ्या दिवशी सुतळी घेऊन गेलो. भाऊंनी ताणली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "वहिनीले फोन लावा." लावला. "बाई, तुमच्या इथला टेबल खरंच एवढा हाय का?" पलीकडून आमची मंडळी मोठ्यानं म्हणाली, "टेबल कुठला जी! पलंग मोजून नेला त्याहीनं!"

इंजिन मिळालं नाही, हे सांगायला नको. सुताराला बोलावून खरोखरीचा आठ बाय चारचा टेबल करून घेतला, तेव्हा मिळालं. तेही लगेच नाही. विकण्याआधी भाऊ प्रत्येक इंजिन दुकानातल्या गोल रुळावर अकरा फेऱ्या चालवत. गिऱ्हाइकानं चहा पीत बघत बसायचं. एका फेरीत जरी ते अडखळलं, तरी भाऊ ते उचलून कपाटात ठेवत. "आज याचं मन नाई. मंगळवारी या." बल्लारशाच्या ड्रायव्हरसाहेबांना त्यांनी असं चार मंगळवार फिरवलं होतं. एवढ्या मंगळवारात मी धानाचे दोन ट्रक विकले असते.

आणि भाव? भाऊंशी भाव करणं म्हणजे त्या दुकानातल्या भिंतीशी बोलणं. नागपूरच्या मशीनवाल्यांना मी घाम फोडला आहे. माझी एक ठरलेली रीत आहे. किंमत ऐकून हसायचं, उठायचं आणि दारापर्यंत सावकाश चालत जायचं. चप्पल घालेपर्यंत मागून हाक येतेच. भाऊंच्या दुकानात मी उठलो, दारापर्यंत गेलो, एक चप्पल घातली, दुसरी घातली, पट्टाही लावला. मागून आवाज आला, "जाता जाता पंखा बंद करा, भाऊ." मी चपला काढल्या. मग पंखा बंद केला आणि परत येऊन पूर्ण किमतीला इंजिन घेतलं. वरून हाच माणूस पिशवीत न मागता वंगणाची बाटली टाकायचा, तार आणि रंगवलेलं गवत वापरून केलेली सागाची झाडं टाकायचा, रुळांखाली पसरायला भुसा द्यायचा. मी विचारलं, भुशाचे किती? ते म्हणाले, "भुसा कोणी विकते का?" मी भुसा आणि कोंडा विकूनच तर उभा राहिलोय.

असं चार-पाच वर्षं चाललं. मग एके दिवशी मोबाईलवर तेच इंजिन दिसलं. तोच रंग, तोच नंबर, आणि किंमत भाऊंच्या जवळजवळ निम्मी. माझं रक्त उसळलं. इतकी वर्षं या माणसानं मला रुपया सोडला नव्हता! तडक चंद्रपूर गाठलं आणि मोबाईल त्यांच्या नाकासमोर धरला. म्हणालो, "हे काय हाय भाऊ? सांगा आता!" भाऊंनी भिंग लावलं. बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता चेहरा पडेल माणसाचा. ते म्हणाले, "फोटो चांगला काढला त्यानं."

त्या एका वाक्यानं मी पेटलो. घरी आलो आणि मिळेल ते मागवलं. रूळ एका विकणाऱ्याकडून, इंजिन दुसऱ्याकडून, डबे तिसऱ्याकडून, ज्याचा भाव कमी त्याचा माल. एवढ्यावर थांबलो असतो तरी ठीक होतं. आम्हा सातजणांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. त्यावर मी रोज भाव टाकू लागलो. भाऊंकडे एवढे, इथे एवढे. बघा, किती लुटले गेलो. जिप्सीवाल्यानं मला हात जोडल्याचं चित्र पाठवलं. सुपरवायझरनं लिहिलं, तुमच्यामुळे डोळे उघडले. मी खूश होतो. बाजारात एखाद्याची मक्तेदारी मोडून काढल्यासारखं वाटत होतं.

पार्सलं आली ती ऐन धानाच्या हंगामात. मिल दिवसरात्र चालू, गाड्यांची रांग लागलेली, खोके उघडायला वेळ कुणाला? पोत्यांच्या थप्पीवर ठेवून दिले. हंगाम संपल्यावर हातपाय धुऊन टेबलाशी बसलो, रूळ जोडले, इंजिन ठेवलं. ते रुळांच्या मधोमध पडलं, बोडीच्या पाण्यात उतरलेल्या बदकासारखं. चाकं रुळाला लागेनातच. इंजिन एका मापाचं, रूळ दुसऱ्या मापाचे. फोटोत दोन्ही सारखेच दिसत होते! परत करायला गेलो तर मुदत हंगामातच संपलेली. विकणाऱ्याला फोन लावावा, तर नंबरच नाही. मी भांडायला तयार होतो, शिव्या तयार होत्या, पण समोर माणूसच नव्हता. माझ्याशी असं कधी कुणी केलेलं नाही.

दोन दिवस धुसफुसलो. तिसऱ्या दिवशी खोका पोत्यात घातला, वरून तोंड बांधलं आणि भाऊंच्या दुकानात गेलो. काय ऐकावं लागेल याची सगळी तयारी केली होती, उत्तरंही पाठ होती. भाऊंनी पोतं सोडलं, इंजिन तळहातावर घेतलं, भिंगातून चाकं बघितली, मग रूळ बघितले आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. "भाऊ, नागभीड पाह्यलं हाय का तुम्ही? पहिलेचं?"

म्हटलं, "पाह्यलं नं. मासोळी घेऊन जात होतो आईसंग."

"मग रागवता काऊन? तिथं मोठी लाइन होती अन् नागपूरची छोटी लाइनही. दोन्ही एकाच स्टेशनात. तुम्ही तं न ठरवता नागभीड घेऊन आले पोत्यात! याचे चाकं राहू द्या. वरची टोपी काढतो अन् छोट्या लाइनच्या इंजिनाची बसवतो. याच्या मापाची बारकी लाइन टाकू, बाजूले मोठी लाइन. कोणाजवळ नाई असं."

तीन आठवड्यांनी त्यांनी ते दिलं. पावडरच्या डब्याचा पत्रा कापून इंजिनाची टोपी केलेली, वर धुरांडं, बाजूला हात टेकून उभा ड्रायव्हर, डोक्याला रुमाल बांधलेला. मी ते फिरवून फिरवून बघितलं. मग सवयीनं विचारलं, किती झाले? "काही नाई." काही नाही? फुकटात घासाघीस कशी करायची, ते मला कुणी शिकवलंच नव्हतं. मी पाचशे म्हणालो. ते नाही म्हणाले. मी हजार म्हणालो. नाही. दीड हजारावर गेलो, आवाज चढला, शेजारचा चष्म्यावाला बघायला आला. आयुष्यात पहिल्यांदा मी भाव वाढवत होतो आणि तरी हरत होतो. "तुम्ही इंजिन माझ्याकडून घेतलं काय?" भाऊ म्हणाले. "नाई नं? मग मी कायचे घेऊ?"

त्यानंतर चार महिने मला जाणं झालं नाही. गेलो तेव्हा काचेआडचा गोल रूळ काढलेला. कपाटं अर्धी रिकामी. भाऊ खोक्यांना दोरी बांधत बसले होते. मी म्हणालो, हे काय? "बंद करून राह्यलो," ते म्हणाले. मला न विचारता! तेवढ्यात माझी नजर मागच्या फळीवर गेली. तिथे दुरुस्त करून ठेवलेल्या वस्तू होत्या, प्रत्येकीवर चिठ्ठी. जिप्सीवाल्याचे डबे, सुपरवायझरचं इंजिन, बल्लारशाच्या साहेबांचा सिग्नल, आणि राहिलेल्या तिघांचंही काही ना काही. सगळं मोबाईलवरून मागवलेलं आणि बिघडलेलं. वर्षभर आम्ही सातहीजण त्यांच्याकडे येत होतो, पण विकत घ्यायला कुणीच नाही. दुरुस्त करून घ्यायला. आणि हा माणूस सगळ्यांचं करून देत होता.

मी भडकलो. दुसरं काय करणार? "पैसे घ्याचे होते नं दुरुस्तीचे! तिप्पट घ्याचे! कोण नाई म्हणालं असतं?" भाऊ शांतपणे म्हणाले, "तुमच्यामुळं नाई जी बंद करत. डोळे गेले आता. पोरगी पुण्याले बोलावते." मी ग्रुपवर काय काय लिहिलं होतं, ते त्यांना माहीत होतं की नाही, हे मला आजवर कळलेलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही. म्हणालो, राहिलेला सगळा माल मी घेतो, तुम्ही सांगाल त्या भावात. "एकट्यानं घेतलं तं बाकीचे काय करतीन?" त्यांनी माल आधीच वाटून ठेवला होता. ज्याच्या टेबलाला जे लागेल ते त्याच्या नावानं. माझ्या वाट्याला गाडीचा रूळ बदलायचे दोन सांधे आणि एक सिग्नल. एवढंच? "तुमच्याकडे एवढंच बसते."

पुण्याला जाऊन त्यांना दोन महिने झाले असतील, तेव्हा त्यांचा फोन आला. मागे शहराचे हॉर्न. म्हणाले, "भाऊ, ते मोबाईलवरून मागवतेत कसं, सांगता का जरा?" मी हादरलो. काय हवंय? "एक इंजिन आणलं संग, करंटचा डबाही आणला. रूळ सगळे तुम्हा लोकाहीले देऊन टाकले. खिडकीच्या फळीवर चालवीन म्हणतो. तीन फूट पाह्यजे." पुण्यात दुकानं असतीलच की, मी म्हणालो. असतील, पण त्यांना एकट्याला रस्ता ओलांडता येत नव्हता, आणि मुलीला सुट्टी नव्हती. मग मी त्यांना कुठे दाबायचं, कुठे सरकवायचं ते सांगू लागलो. अर्धा तास झाला. ते प्रत्येक फोटोपाशी थांबत. "हा विकते तो कोण हाय?" माहीत नाही, भाऊ. "दुकान कुठी हाय त्याचं?" दुकान नाही, भाऊ. "मग खराब निघालं तं कोणाकडे जायचं?"

या प्रकाराचे फायदे वर्षभर ग्रुपवर ऐकवणारा मी म्हणालो, "काही मागवू नका. थांबा आठ दिवस."

त्याच दुपारी मी माझ्या मोठ्या लाइनचे तीन फूट रूळ उकलले. बुडाला लागलेला भुसा झटकला नाही, तसाच राहू दिला. पार्सलवाल्यानं सांगितलेला दर ऐकून मात्र मी उठलो, दारापर्यंत गेलो, आणि त्यानं हाक मारली तेव्हाच परत आलो.

पुढच्या आठवड्यात भाऊंचा फोन आला. आधी बोलणी खाल्ली, की रूळ पुसत नाही मी, सांधे काळे पडलेत, असं ठेवतेत काय. मी ऐकून घेतलं. मग त्यांनी फोन फळीवर ठेवला असावा, कारण बोलणं थांबलं आणि बारीक घरघर ऐकू येऊ लागली. तीन फूट जायचं, थांबायचं, तीन फूट परत यायचं. मिलमध्ये माणसं हाका मारत होती, बाहेर ट्रक उभा होता. मी कान लावून तसाच बसून राहिलो.