सरपणाखालची कोरी जागा

आम्ही परीट. नंदुरबारला — तेव्हा ते पश्चिम खानदेशात — आमचं घर, आणि मागे परसभर पसरलेलं जांभळाचं झाड. ज्येष्ठ लागला की खाली नुसता जांभळाचा चिखल. वाळत घातलेल्या धोतरांवर डागच डाग, आणि तो डाग भट्टीतही जात नाही. पेठेतले शेठ कपडे अंगावर फेकायचे, दुसरा परीट बघायचे. त्या दिवसांत आम्ही एक वेळ जेवायचो.

असल्या घरातून मी बी.ए. झालो, आमच्या परटांत पहिला. भूतखेत, अंगात येणं... मला हसू यायचं. अजूनही येतं. तरी हे लिहितोय.

पास होऊन आलो आणि ठरवलं — झाड पाडायचं. बाबा दरवर्षी म्हणायचे, "पुढला साल दखू." या खेपेला ते नवापूरला लग्नाला गेलेले. मी लाकूडतोड्याला सांगितलं, आणि झाड पडायला जागा हवी म्हणून बुंध्याजवळचा सरपणाचा ढीग हलवला. माझ्या आठवणीत त्या ढिगाचा तळ बाबांनी कधी उघडा पडू दिला नव्हता.

सकाळी सगळं परस जांभळं. ढिगाखालची सुपाएवढी जागा मात्र कोरी.

"आई, एवढंच झाडलंस?"

"मी कसाले झाडू? बी.ए. व्हयना, आते झाडू बी धर जरा!"

वर पाहिलं. फांदी लगडलेली. दुपारभर तिथे बसलो. जांभळं डोक्यावर पडली, खांद्यावर पडली. त्या जागेवर हात धरला तर तळहातावर टपकन पडलं. हात काढला... की काही नाही.

म्हटलं, वारा असेल. इथे डाग पडणार नाही म्हणून शेठचं धोतर तिथेच पसरलं. तेवढ्यात बाबा आले.

"सरपण कोनी उचलं?"

"मीच. झाड बी पाडनार शे."

बाबांनी धोतर ओढून काढलं. "मुळं तिन्हापावत गयात रे... तुन्ही मोठी बहीण शे आठे."

दात न आलेलं मूल गेलं तर आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. आई तेव्हा बाळंतिणीच्या तापात बेशुद्ध. बाबांनी एकट्यानेच पोर पुरलं, कोल्ह्याकुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर लाकडं रचली.

आई दारात उभी होती. "माले ते नदीवर पुरं म्हनी सांगं व्हतं तुम्हीन! मी तठे जाई जाई रडनू!"

"आठे सांगतू ते तू आठून कधी उठती का?"

आई येऊन बसली, त्या कोऱ्या मातीवर पंजा टेकवला. अंधार पडेपर्यंत उठली नाही.

दुसऱ्या सकाळी ती जागाही बाकीच्या परसासारखीच जांभळांनी भरलेली. का, ते मला तेव्हा कळलं नाही, आज म्हातारपणीही कळत नाही.

लाकूडतोड्याला परत पाठवलं. आईने तिथे एक दगड बसवला. वाळवण आम्ही नदीकाठी नेलं, आणि त्यानंतर आमच्याकडे एकाही गिऱ्हाइकाच्या कपड्यावर जांभळाचा डाग पडला नाही.